गाठ निघाली तरी पेशंट का दगावायचा? मेंदूच्या शिरा जपत ऑपरेशन करणाऱ्या डॉ. हार्वी कुशिंग यांची गोष्ट

साल १९१०. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरातलं जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटल. ऑपरेशनच्या टेबलावर होता अमेरिकन सैन्यातला एक बडा अधिकारी, जनरल लिओनार्ड वुड.

वुड साधासुधा माणूस नव्हता. तो स्वतः डॉक्टर होता. सैन्यात शिरला, लढायांत गाजला, पुढे क्यूबाचा गव्हर्नर झाला. तिथे काम करत असताना एकदा छताला टांगलेल्या झुंबरावर त्याचं डोकं जोरात आपटलं. त्यानंतर काही वर्षांत टाळूपाशी हाडाला फुगवटा दिसायला लागला. डाव्या पायात झटके यायला लागले आणि पाय ओढत चालायची वेळ आली. एकदा ऑपरेशन झालं होतं, पण आजार हटला नव्हता.

निदान होतं मेंदूवरच्या आवरणाची गाठ. ती होती डोक्याच्या मधोमध, मेंदूतलं वापरलेलं रक्त वाहून नेणाऱ्या सगळ्यात मोठ्या वाहिनीला खेटून.

त्या काळात अशा ऑपरेशनला हात घालायचा म्हणजे मोठी जोखीम होती. एमआरआय नव्हता, सीटी स्कॅन नव्हता, रक्तपेढी नव्हती, अँटिबायोटिक्स नव्हती. मेंदूच्या ऑपरेशनला गेलेल्यांपैकी तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत लोक दगावायचे. तरीही चाळिशीतल्या एका सर्जनने हे काम अंगावर घेतलं. त्याचं नाव हार्वी कुशिंग. आज जगभर त्याला आधुनिक न्यूरोसर्जरीचा जनक म्हणतात.

पण कुशिंगने नेमकं वेगळं काय केलं, हे समजण्यासाठी आधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. मेंदूतल्या शिरांची गोष्ट.

मेंदूला पाणी पाजणं सोपं, निचरा अवघड

ही गोष्ट बारामती आणि इंदापूरच्या शेतकऱ्याला सगळ्यात लवकर कळेल.

पुणे-सुपे ही जोडी इतिहासाच्या पुस्तकातून सगळ्यांना माहीत आहे. शहाजीराजांच्या जहागिरीतलं हे सुपे आज बारामती तालुक्याच्या जिरायती पट्ट्यात येतं. इथलं दुखणं पाणी न मिळण्याचं. त्याच तालुक्यात नीरा डाव्या कालव्याखाली गेलात की चित्र उलटं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हा कालवा आला आणि बारामती-इंदापूरकडे ऊस उभा राहिला. पण काही वर्षांतच चांगल्या काळ्या जमिनी पांढऱ्या पडायला लागल्या. चोपण झाल्या, खारवट झाल्या.

कारण काय? पाणी आत येत होतं, पण बाहेर जायला वाट नव्हती. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मान आणि व्ही. ए. ताम्हणे यांनी १९१० मध्ये नीरा खोऱ्यातल्या याच खारवट जमिनींवर अहवाल लिहिला. धडा असा की पाणी देणारी चारी जितकी महत्त्वाची, तितकाच निचऱ्याचा चरही महत्त्वाचा. चर बुजला तर पाणी जागच्या जागी साठतं आणि पीक जळतं. तहानेने जळत नाही, पाण्याने जळतं.

योगायोग असा की त्याच १९१० साली बाल्टिमोरमध्ये कुशिंग यांच्यासमोर हाच प्रश्न होता. फक्त शेताच्या जागी मेंदू होता.

मेंदूचं वजन शरीराच्या साधारण दोन टक्के. पण हृदयातून निघालेल्या रक्ताचा जवळपास १५ टक्के वाटा तो एकटा घेतो. मिनिटाला अंदाजे पाऊण लिटर. हे रक्त रोहिण्यांमधून आत येतं. रोहिण्यांच्या भिंती जाड आणि स्नायूंच्या असतात. वापरलेलं रक्त बाहेर नेण्याचं काम नीला करतात. मेंदूच्या नीला कमालीच्या पातळ भिंतीच्या असतात, त्यांना स्नायूंचा थर जवळपास नसतोच. धक्का लागला तर फाटतात, दाब आला तर चेपतात, ताण आला तर तुटतात.

मेंदूच्या पृष्ठभागावरच्या बऱ्याच नीला वर सरकत मधोमध येतात आणि एका मोठ्या वाहिनीत रिकाम्या होतात. ही वाहिनी कपाळापासून टाळूच्या खालून थेट डोक्याच्या मागपर्यंत जाते. डॉक्टर तिला सुपीरियर सॅजिटल सायनस म्हणतात. सोप्या भाषेत, मेंदूच्या निचऱ्याचा मुख्य चर. मेंदूपासून या चरापर्यंत पुलासारख्या पसरलेल्या शिरांना ब्रिजिंग व्हेन्स म्हणतात.

आता समजा, गाठ काढताना यातली एक महत्त्वाची शीर तुटली किंवा ती बंद करावी लागली. रोहिणीतून रक्त येतच राहतं, पण बाहेर जाता येत नाही. मग मेंदूचा तेवढा भाग फुगायला लागतो. सूज वाढते आणि बारीक वाहिन्या फुटून आत रक्तस्राव होतो. हे कधी तासाभरात होतं, तर कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. ऑपरेशन थिएटरमधून पेशंट हसत बाहेर येतो आणि नंतर त्याचा पाय हलेनासा होतो, वाचा जाते किंवा फिट यायला लागतात.

म्हणजे गाठ निघालेली असते, पण पेशंट हातचा जातो. आणि गाठ पूर्ण काढायची की शीर वाचवायची, हा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

डॉक्टरांच्या घराण्यातलं दहावं लेकरू

हार्वी कुशिंग यांचा जन्म ८ एप्रिल १८६९ चा, ओहायो राज्यातल्या क्लीव्हलंड शहरातला. वडील डॉक्टर, आजोबा डॉक्टर, पणजोबाही डॉक्टर. दहा भावंडांत हार्वी सगळ्यात धाकटे. येल विद्यापीठात शिकताना ते बेसबॉल खेळायचे. चित्रं उत्तम काढायचे. पुढे स्वतःच्या ऑपरेशनची चित्रं ते स्वतःच काढून ठेवत. येलनंतर हार्वर्डमध्ये डॉक्टरकी केली आणि १८९५ मध्ये पदवी घेतली.

पण हार्वर्डमध्ये असतानाच एक घटना घडली आणि ती त्यांना आयुष्यभर पुरली.

तेव्हा भूल देण्याचं काम विद्यार्थ्यांकडे असायचं. त्यासाठी वेगळे डॉक्टर नसत. इथर कापडावर ओतायचं, पेशंटच्या नाकाशी धरायचं आणि सर्जनला सुरुवात करायला सांगायचं. कुशिंग भूल देत असताना एक पेशंट दगावला. ते इतके हादरले की डॉक्टरकी सोडून देण्याचा विचार मनात आला.

त्यांनी डॉक्टरकी सोडली नाही. सहाध्यायी एमोरी कॉडमन याच्यासोबत त्यांनी एक कागद तयार केला. भूल दिल्यापासून दर काही मिनिटांनी पेशंटची नाडी किती, श्वास किती, हे त्यावर लिहायचं. आज जगातल्या प्रत्येक ऑपरेशन थिएटरमध्ये भूलतज्ज्ञाकडे असा चार्ट असतो. त्याची सुरुवात या दोन पोरांनी केली.

चूक झाली तर ती लिहून ठेवायची, मोजायची आणि पुढच्या वेळी टाळायची. ही सवय कुशिंग यांना इथे लागली.

घाई करणारे सर्जन आणि हळू चालणारे हालस्टेड

१८९६ मध्ये कुशिंग जॉन्स हॉपकिन्सला आले. तिथे विल्यम हालस्टेड नावाचे सर्जन होते. त्या काळात चांगला सर्जन म्हणजे झटपट हात चालवणारा, अशी समजूत होती. भूल नव्हती तेव्हा ती बरोबरही होती, कारण पेशंट शुद्धीवर असायचा. भूल आली तरी घाई गेली नव्हती. हालस्टेड उलटे होते. हळू काम करायचे. रक्ताचा प्रत्येक थेंब थांबवत पुढे जायचे. शरीराचा कुठलाही भाग ओढायचा नाही, चिमटायचा नाही, असा त्यांचा दंडक. कुशिंग यांनी तो उचलला आणि मेंदूपर्यंत नेला.

१९०० मध्ये ते युरोपला गेले. लंडनमध्ये व्हिक्टर हॉर्स्ली हे मेंदूच्या ऑपरेशनमधलं सगळ्यात मोठं नाव. पण हॉर्स्लींची वेगवान पद्धत काही कुशिंग यांना पटली नाही. पुढे ते स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात थिओडोर कोखर यांच्याकडे गेले.

कोखर यांनी त्यांना एक काम दिलं. कवटीच्या आत दाब वाढला की काय होतं, ते शोधायचं. कुशिंग यांनी प्राण्यांच्या कवटीला काचेची खिडकी बसवली आणि आतल्या रक्तवाहिन्या प्रत्यक्ष बघितल्या. कवटी म्हणजे बंद डबा. आत दाब वाढला की पहिल्यांदा चेपतात त्या पातळ भिंतीच्या नीला. निचरा अडतो, दाब आणखी वाढतो आणि शेवटी आत येणारं रक्तही अडायला लागतं. तेव्हा शरीर मेंदू वाचवण्यासाठी रक्तदाब चढवतं आणि नाडी मंदावते. डोक्याला मार लागलेल्या पेशंटचा रक्तदाब वाढतोय आणि नाडी मंद होतेय, हे दिसलं की आजही डॉक्टर सावध होतात. याला कुशिंग रिफ्लेक्स म्हणतात.

परतताना ते इटलीतल्या पाव्हिया शहरात थांबले. तिथे रिव्हा-रोच्ची यांनी दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजायचं साधन बनवलं होतं. कुशिंग यांनी ते अमेरिकेत नेलं आणि भूल देताना रक्तदाब मोजायची पद्धत तिथे रुजवली.

नवजात बाळांच्या डोक्यातल्या शिरा

१९०५ मध्ये कुशिंग यांनी एका वेगळ्याच विषयावर लिहिलं. बाळंतपणात काही बाळांच्या मेंदूवर रक्तस्राव होतो, त्याबद्दल.

जन्माच्या वेळी बाळाच्या कवटीची हाडं एकमेकांवर सरकतात. त्यात मेंदूपासून मधल्या सायनसकडे जाणाऱ्या नाजूक शिरा ताणल्या जातात आणि तुटतात. कुशिंग यांनी बोट ठेवलं ते याच शिरांवर. अशा बाळांची कवटी उघडून साकळलेलं रक्त काढता येईल, हे त्यांनी करून बघितलं. तेव्हा हे धाडसच होतं.

सांगायचा मुद्दा असा की जनरल वुड त्यांच्या टेबलावर आला, त्याच्या पाच वर्षं आधीच या शिरा किती नाजूक असतात हे कुशिंग यांना ठाऊक होतं.

वुडचं ऑपरेशन

१९१० चं ते ऑपरेशन कुशिंग यांनी दोन टप्प्यांत केलं. पहिल्या खेपेला कवटी उघडली, जागा मोकळी केली आणि काम तिथेच थांबवून जखम बंद केली. काही दिवसांनी दुसऱ्या खेपेला गाठ काढली.

आज हे विचित्र वाटेल. उघडलेलं डोकं गाठ न काढता बंद करायचं? पण त्यामागे हिशोब होता. मधल्या सायनसजवळ हाड उचललं की भळाभळा रक्त येतं. पेशंटचा रक्तदाब कोसळला असताना गाठीला हात घातला तर तो मरणार. म्हणून थांबायचं, त्याला सावरू द्यायचं आणि मग पुन्हा जायचं. कधी थांबायचं हे कळणं, हा कुशिंग यांच्या कौशल्याचा मोठा भाग होता.

वुड बरा झाला. त्याच वर्षी तो अमेरिकन सैन्याचा चीफ ऑफ स्टाफ म्हणून कामाला लागला. पुढे १९२० मध्ये तो रिपब्लिकन पक्षाकडून राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठीही उतरला. उमेदवारी मिळाली ती वॉरन हार्डिंग यांना. पण मेंदूतून गाठ काढलेला माणूस राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीत उतरू शकतो, हे जगाला दिसलं. कुशिंग यांचं नाव या केसने सर्वदूर गेलं.

चांदीची क्लिप, कापसाच्या पट्ट्या आणि विजेची सुरी

शरीरात दुसरीकडे कुठे रक्तवाहिनी तुटली तर चिमट्यात पकडून दोऱ्याने बांधता येते. मेंदूत ते जमत नाही. जागा खोल असते आणि शीर दोऱ्याच्या ओढीनेच फाटते. १९११ मध्ये कुशिंग यांनी चांदीच्या तारेच्या इवल्याशा क्लिपा आणल्या. रक्तवाहिनीवर क्लिप बसवायची आणि दाबायची, झालं काम. रक्त टिपायला दोरा लावलेल्या ओल्या कापसाच्या पट्ट्या वापरायच्या, म्हणजे एखादी आत विसरली जात नाही. सायनसमधून रक्त झिरपत असेल तर पेशंटच्याच स्नायूचा छोटा तुकडा त्यावर दाबून धरायचा. शेवटी प्रत्येक थर नीट शिवायचा.

या सगळ्याचा परिणाम आकड्यांत दिसला. कुशिंग यांच्या हाताखालचं मृत्यूचं प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास आलं. तेव्हा इतर ठिकाणी ते त्याच्या कितीतरी पट होतं.

१९१२ च्या सुमारास ते हार्वर्डला गेले आणि बोस्टनच्या पीटर बेंट ब्रिगहॅम हॉस्पिटलचे मुख्य सर्जन झाले. मग पहिलं महायुद्ध आलं. १९१७ मध्ये फ्रान्स-बेल्जियमच्या आघाडीवर त्यांनी डोक्यात तोफगोळ्याचे तुकडे घुसलेल्या सैनिकांवर ऑपरेशनं केली. धातूचे तुकडे काढायला लोहचुंबक वापरला. तीन महिन्यांत त्यांच्याकडच्या अशा जखमींच्या मृत्यूचं प्रमाण ५४ टक्क्यांवरून २९ टक्क्यांपर्यंत खाली आलं. याच काळात त्यांचे गुरुतुल्य मित्र विल्यम ऑस्लर यांचा एकुलता एक मुलगा रेव्हेर आघाडीवर जखमी झाला. कुशिंग तिथे पोचले, पण तो वाचला नाही. पुढे कुशिंग यांनी ऑस्लर यांचं चरित्र लिहिलं आणि त्याला १९२६ चं पुलित्झर पारितोषिक मिळालं.

१९२६ हे वर्ष मात्र त्यांच्यासाठी फार वाईट होतं. जूनमध्ये थोरला मुलगा विल्यम मोटार अपघातात गेला. बातमी आली त्या दिवशी ऑपरेशन ठरलेलं होतं. त्यांनी बायकोला कळवलं आणि ते थिएटरमध्ये गेले. ठरलेलं ऑपरेशन पार पाडलं.

त्याच वर्षी १ ऑक्टोबरला त्यांनी विल्यम बोव्ही या शास्त्रज्ञाचं यंत्र पहिल्यांदा वापरलं. विजेच्या प्रवाहाने कापायचं आणि रक्तही थांबवायचं, असं ते यंत्र होतं. काही दिवसांपूर्वी एका पेशंटची गाठ रक्तस्रावामुळे अर्धवट सोडावी लागली होती. तीच गाठ या यंत्राने निघाली. आजही थिएटरमध्ये या यंत्राला बोव्ही म्हणतात. त्यानंतर कुशिंग यांनी पूर्वी हात टेकलेल्या कितीतरी पेशंटना परत बोलावलं.

१७ वर्षांनी वुड परत आला

त्यात वुडही होता. मधल्या काळात तो फिलिपाइन्सचा गव्हर्नर जनरल झाला होता. पण गाठ पुन्हा वाढली होती. डावी बाजू लुळी पडत चालली होती. १९२७ च्या ऑगस्टमध्ये तो बोस्टनला आला.

आता कुशिंग यांच्याकडे १७ वर्षांचा जास्तीचा अनुभव होता. हातात विजेची सुरी होती. दीर्घ ऑपरेशन झालं, गाठ निघाली. पण त्यानंतर मेंदूच्या आत रक्तस्राव झाला आणि ७ ऑगस्ट १९२७ ला लिओनार्ड वुड गेला. ज्या पेशंटने कुशिंग यांना नाव मिळवून दिलं, तोच त्यांच्या टेबलावरून परत गेला नाही. हा घाव त्यांना फार लागला.

आणखी एक योगायोग. त्याच १९२७ च्या जूनमध्ये पोर्तुगालच्या लिस्बन शहरात एगास मोनिझ यांनी जिवंत माणसाच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचा एक्स-रे पहिल्यांदा काढून दाखवला होता. यालाच आपण आज अँजिओग्राफी म्हणतो. पुढे याच तंत्रातून ऑपरेशनच्या आधीच निचऱ्याच्या शिरांचा नकाशा बघायची सोय झाली. वुडच्या वेळी ती नव्हती.

गाठ पूर्ण काढायची की थोडी ठेवायची?

मेंदूच्या आवरणातून निघणाऱ्या या गाठींना मेनिन्जिओमा हे नाव कुशिंग यांनीच १९२२ मध्ये दिलं. १९३८ मध्ये डॉ. लुईस आयझेनहार्ट यांच्यासोबत त्यांनी याच विषयावर भलामोठा ग्रंथ लिहिला. त्यात ३१३ पेशंटची हकीकत आहे. गाठ कुठून उगवते, तिथे सायनस किती जवळ आहे, यावरून त्यांनी गाठींचे प्रकार पाडले. बरेच मेनिन्जिओमा कॅन्सरचे नसतात. पूर्ण निघाले तर माणूस बरा होतो. पण मूळ राहिलं तर पुन्हा उगवतात.

आणि मूळ सायनसच्या भिंतीतच असेल तर?

१९५७ मध्ये डोनाल्ड सिम्पसन यांनी दाखवून दिलं की गाठ जितकी मुळासकट काढाल, तितकी ती परत येण्याची शक्यता कमी. त्यामुळे बरेच सर्जन मूळ खणून काढायच्या मागे लागले. दुसऱ्या बाजूला, शिरा तोडल्याने आलेले लकवे दिसतच होते. हा वाद पुढे बरीच वर्षं चालला.

आज सर्वसाधारण शहाणपण असं आहे. सायनसचे तीन भाग धरले, तर कपाळाकडचा पुढचा भाग बंद केला तरी बहुतेक वेळा निभावतं. मधला आणि मागचा भाग चालू असेल तर त्याला हात लावणं धोक्याचं. हातपाय हलवणारा मेंदूचा पट्टा मधल्या भागाला लागून असतो आणि त्यातही पायाचा भाग थेट मध्यरेषेवर. म्हणूनच वुडचा पाय पहिल्यांदा गेला होता. गाठीने सायनस आधीच पूर्ण बुजवला असेल, तर रक्ताने हळूहळू आजूबाजूच्या शिरांमधून नवी वाट काढलेली असते. अशा वेळी बुजलेला सायनस काढता येतो, पण त्या नव्या वाटांना धक्का लागला तर मग पेशंटला वाली नाही.

त्यामुळे आजचा सर्जन आधी एमआर किंवा सीटी व्हेनोग्राफी करून शिरांचा नकाशा बघतो. कवटी कुठून उघडायची, हे त्यावरून ठरवतो. १९६० च्या दशकात झुरिकमध्ये गाझी यासारगिल यांनी मायक्रोस्कोपखाली मेंदूचं ऑपरेशन करायची पद्धत बसवली. शिरेभोवतीचं पातळ आवरण मायक्रोस्कोपखाली सोडवलं की शीर ताण न येता थोडी बाजूला सरकवता येते. शीर कोरडी पडू नये म्हणून सलाइनने ओली ठेवतात. गाठ आधी आतून पोकळ करतात, मग कडा आत ओढून घेतात, म्हणजे मेंदू दाबावा लागत नाही. आणि शेवटचा पापुद्रा शिरेला घट्ट चिकटलेला असेल तर तो तिथेच ठेवतात. पुढे एमआरआय करत त्यावर लक्ष ठेवायचं आणि वाढलाच तर गॅमा नाइफसारखी नेमक्या जागी किरणं द्यायची. गॅमा नाइफ स्वीडनच्या लार्स लेक्सेल यांची देणगी.

सुप्याहून बारामतीला किंवा पुण्याला एखाद्या नातेवाइकाचा रिपोर्ट घेऊन गेलेल्या माणसाला सर्जन जेव्हा सांगतो की थोडी गाठ मागे ठेवावी लागेल, तेव्हा घरच्यांचा जीव खाली-वर होतो. काम अर्धवट राहिलं असं वाटतं. पण बऱ्याचदा तो मागे ठेवलेला तुकडा म्हणजे वाचवलेला पाय असतो, वाचवलेलं बोलणं असतं. गाठ सायनसजवळ आहे का, सायनस चालू आहे की बंद, आणि राहिलेल्या भागाचं पुढे काय करणार, हे तीन प्रश्न घरच्यांनी सर्जनला बिनधास्त विचारावेत.

कुशिंग यांची शाळा भारतात कशी आली?

कुशिंग वागायला सोपे नव्हते. सहायकांना घालूनपाडून बोलायचे. त्यांचाच विद्यार्थी वॉल्टर डँडी याच्याशी त्यांचं आयुष्यभर पटलं नाही. पण त्यांच्याकडे शिकायला जगभरातून लोक यायचे. तरुणपणी त्यांच्या हॉस्पिटलात काम केलेले वाइल्डर पेनफिल्ड पुढे कॅनडात मॉन्ट्रिअलला गेले आणि तिथे मोठी संस्था उभी केली. पेनफिल्ड यांच्याकडे डॉ. जेकब चांडी शिकले. त्यांनी १९४९ मध्ये वेल्लोरला भारतातला पहिला न्यूरोसर्जरी विभाग सुरू केला. मद्रासला डॉ. बी. राममूर्ती उभे राहिले. मुंबईत ही शाखा रुजवणाऱ्यांत डॉ. राम गिंडे यांचं नाव घेतलं जातं. १९५१ मध्ये न्यूरोलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली. म्हणजे कुशिंग यांच्या मृत्यूनंतर अवघ्या बारा वर्षांत त्यांची पद्धत भारतात पाय रोवून उभी होती.

दोन हजार गाठी आणि एक वही

१९३१ मध्ये कुशिंग यांनी मेंदूच्या गाठीचं दोन हजारावं ऑपरेशन केलं. पुढच्याच वर्षी त्यांनी पिट्युटरी ग्रंथीच्या एका आजाराचं वर्णन केलं, तो आज कुशिंग डिसीज म्हणून ओळखला जातो. पण संख्येपेक्षा महत्त्वाची होती त्यांची नोंद. प्रत्येक गाठ बरणीत जपून ठेवायची. प्रत्येक पेशंटचे ऑपरेशनच्या आधीचे आणि नंतरचे फोटो काढायचे. घरी गेलेल्या पेशंटनेही दरवर्षी पत्र लिहून तब्येत कळवायची. कोण वाचलं, कोण गेलं आणि का गेलं, हे कळल्याशिवाय ऑपरेशन यशस्वी झालं असं ते मानत नसत.

ही सगळी नोंद सांभाळली ती लुईस आयझेनहार्ट यांनी. त्या कुशिंग यांच्याकडे सेक्रेटरी म्हणून आल्या होत्या. मग नोकरी सोडून मेडिकलला गेल्या, डॉक्टर झाल्या आणि परत येऊन मेंदूच्या गाठींच्या तज्ज्ञ झाल्या. पेशंट टेबलावर असतानाच गाठ कुठल्या प्रकारची, हे त्या सांगायच्या. त्यांच्या छोट्या वहीत कुशिंग यांच्या पेशंटच्या निकालांची नोंद असायची.

महायुद्धातल्या आजारपणामुळे कुशिंग यांचे पाय कायमचे अधू झाले होते. त्यात सिगारेटचं व्यसन. १९३३ मध्ये ते ब्रिगहॅम सोडून येलला आले. ७ ऑक्टोबर १९३९ ला हृदयविकाराने त्यांचं निधन झालं. शवविच्छेदन झालं तेव्हा मेंदूच्या आतल्या पोकळीत साधारण एक सेंटिमीटरची एक छोटी गाठ सापडली. दोन हजारांहून जास्त लोकांच्या मेंदूतल्या गाठी शोधणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या डोक्यातही एक होती. तिने त्यांना कधी त्रास दिला नव्हता.

त्यांच्या बरण्या, फोटो आणि केसपेपर बरीच वर्षं येलच्या एका तळघरात धूळ खात पडले होते. २०१० मध्ये येलने ते साफसूफ करून मेडिकल लायब्ररीत मांडले. त्या दालनाचं नाव कुशिंग सेंटर. तिथल्या शेकडो बरण्यांमध्ये बऱ्या झालेल्या पेशंटच्या गाठी आहेत, तशाच न वाचलेल्यांच्याही. कुशिंग यांनी दोन्ही सारख्याच काळजीने ठेवल्या होत्या.